रंग सगळ्यात शेवटी: जुन्या गाडीचा गंज आणि पत्र्याचं काम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची १९७१ सालची फियाट पुन्हा रस्त्यावर यायला तीन वर्षं लागली. इंजिन चार महिन्यांत झालं, रंग पंधरा दिवसांत. बाकीचा सगळा वेळ गंज आणि पत्रा यांनी खाल्ला. ती गाडी दिसली की लोक थांबतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "रंग कुठं मारून घेतला?" तो प्रश्न सोडून बाकी जे विचारायला हवं आणि काही जण विचारतातही, त्याची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत.

गाडीला वरून कुठंच गंज दिसत नाही. तरी उघडून बघायलाच हवं का?

हो. जुन्या गाडीचा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला की समजायचं, मागच्या बाजूनं पत्रा केव्हाच संपलाय.

तपासायला दोन वस्तू पुरतात. एक लोहचुंबक, पातळ कापडात गुंडाळलेला. तो दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डच्या कमानीवरून, दाराखालच्या सिलवरून फिरवायचा. जिथं पकड सुटते तिथं खाली पुट्टी आहे. दुसरी वस्तू म्हणजे टोच्या. गाडीखाली झोपून फ्लोअर, सिल, जॅक लावायच्या जागा, स्प्रिंगचे माउंटिंग इथं टोचून बघायचं. चांगला पत्रा टण्ण वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो.

आमच्या गाडीचा डावा सिल वरून इतका सरळ होता की डेंटरनंही "हा राहू दे" म्हणून सांगितलं. मी टोच्या लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरची पुट्टी बोटानं उचलली, ती शिळ्या भाकरीसारखी अख्खी निघून आली, जवळजवळ बोटभर जाड. तिच्याखाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिबिट मारून बसवलेला, त्यावर तेलाच्या ब्रँडचं अर्धं फूल अजून दिसत होतं. आणि त्याच्या आत कोंबलेलं पोतं. कधीतरी कुणीतरी पोत्याचा आधार करून वर पुट्टी थापली होती. ते पोतं वीसेक वर्षं पाणी धरून बसलं असणार.

फियाटला नेमकं कुठं बघायचं ते सांगतो: रबर मॅटखालचा फ्लोअर, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीची ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, हेडलाइटच्या मागची वाटी आणि चारही दारांचा तळ. जीपला चॅसी वेगळी असते, त्यामुळं तिथं बॉडीचे बोल्ट बसतात त्या जागा आधी.

कोल्हापुरात समुद्र नाही. मग गाड्या एवढ्या का गंजतात?

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं, मीठ फक्त घाई करतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही. बाहेरून पुसली तरी दाराच्या पोटात, सिलच्या नळीत ओल असते, आणि तळाची पाणी जायची भोकं चिखलानं किंवा गाडीच्या तळाला मारलेल्या जुन्या अंडरकोटनं बुजलेली असतात.

दोन प्रकारच्या गाड्या मात्र वेगळ्या नजरेनं बघायच्या. एक, घाट चढून आलेल्या. मालवण, रत्नागिरीकडं आयुष्य काढलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून कुणी आणली, की तिचा पत्रा सांध्यासांध्यात फुगलेला निघतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळं दोन पत्रे जिथं स्पॉट वेल्डनं जोडलेत तिथं तो आतून पाचर मारल्यासारखा त्यांना फाकवतो. दुसऱ्या, २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेल्या. पंचगंगेचं पाणी उतरतं, पण गाळ पोकळ भागांत राहतो आणि दर पावसाळ्यात पुन्हा ओला होतो. अशा गाडीचे सिल न कापता आत कॅमेरा घालून किंवा निदान कॉम्प्रेसरची हवा मारून बघा. हवेबरोबर भोकातून काळी माती उडाली तर उत्तर मिळालं.

डेंटर म्हणतो, "वायर ब्रश मारू, रेड ऑक्साईड लावू, पुट्टी भरू, आठवड्यात गाडी घेऊन जा." काय हरकत आहे?

लग्नाच्या वरातीपुरती गाडी हवी असेल तर काही हरकत नाही.

सँडब्लास्टिंग करून घेऊ का? इथं तर गल्लोगल्ली सोय आहे.

गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्र्या भरपूर, त्यामुळं ब्लास्टिंग, म्हणजे जोरानं कण मारून गंज उडवणं, आपल्याला सोपं वाटतं. पण फौंड्रीतलं शॉट ब्लास्टिंग हे ओतीव लोखंडासाठी असतं. पोलादी छर्रे जोरात आदळतात. चॅसी, सस्पेन्शनचे आर्म, रिम, ब्रॅकेट असल्या जाड वस्तू त्यात घाला, सुरेख निघतात. बॉनेट, छप्पर, दाराचा बाहेरचा पत्रा चुकूनही घालू नका. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा. माऱ्यानं त्याचा पृष्ठभाग ताणला जातो आणि अख्खा पत्रा पापडासारखा वाकतो. तो पुन्हा सरळ करणं भल्याभल्या डेंटरला जमत नाही.

पातळ पत्र्याला ब्लास्टिंग करायचंच असेल तर गार्नेट या खनिजाचे बारीक कण, कमी दाब, नोझल लांब आणि तिरपी, एका जागी थांबायचं नाही. सपाट मोठे भाग तरी हातानंच करावेत असं माझं मत. नदीची वाळू वापरणारा कुणी भेटला तर तिथून निघा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही.

एक महत्त्वाचं: ब्लास्टिंगला किंवा ग्राइंडिंगला देण्याआधी चॅसी नंबरवर जाड टेप लावा, कामगाराला दाखवून ठेवा. नंबर घासला गेला तर आरटीओत जे होतं त्यापुढं गंज परवडला.

सुटे भाग घरच्या घरी कशानं साफ करायचे?

हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर.

मळी. ऊसपट्ट्यात राहून हे माहीत नसणं म्हणजे कमालच. साखर करताना उरणारी पातळ काळी मळी, म्हणजे मोलॅसिस, पाण्यात घातली की ते मिश्रण गंजाचं लोखंड धरून सोडवतं, पण चांगल्या लोखंडाला फारसं हात लावत नाही. एक भाग मळी, आठ ते दहा भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. उन्हाळ्यात आठवड्यात, थंडीत दोन-तीन आठवड्यांत काम होतं. काढला की जोराच्या पाण्यानं धुवायचा आणि लगेच उन्हात वाळवायचा. अडचणी दोन. कारखान्याची मळी उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असते, गेटवर कॅन घेऊन गेलात तर कुणी देणार नाही. पशुखाद्यासाठी विकली जाते ती चालते. दुसरी अडचण वासाची. मी पिंप परसात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला दारूच्या भट्टीसारखा फेस आला आणि शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पोरगं काय धंदा करायलंय?" पिंप दुसऱ्या दिवशी शेतात गेलं. आणखी एक, अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या वस्तू यात घालायच्या नाहीत. कार्बोरेटर घातला तर खाऊन टाकेल.

सोडा आणि करंट. पाण्यात धुण्याचा सोडा, दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा. १२ व्होल्टचा जुना साधा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह आपल्या भागाला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडी सळईला. उलटं केलं तर सळई शाबूत राहते आणि तुमचा भाग झिजतो, हे एकदा माझ्या दाराच्या बिजागरीवर करून बघितलंय. नवे स्वयंचलित चार्जर यात चालू होत नाहीत, त्यांना समोर बॅटरी लागते. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावरच करायचं, ठिणगी लांब. स्टेनलेसची सळई वापरायची नाही, तिच्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. आणि स्प्रिंगा, कठीण पोलादाचे बोल्ट यात घालायचे नाहीत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळतं. कोमट पाण्यात घालून लहान नट-बोल्ट, क्लिपा रात्रभर ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, वाळवा, तेल लावा. यापेक्षा जास्त काही नाही.

बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड लावलं तर पाच मिनिटांत गंज जातो. ते का नको?

जातो खरा. पण ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. त्याचा क्लोराइड सांध्यांत शिरून बसतो आणि धुतला तरी पूर्ण निघत नाही. वर कितीही महाग रंग मारा, दोन पावसाळ्यांत त्याच सांध्यावर फोड येणार. शिवाय बाटली उघडी राहिली तर तिच्या वाफेनं शेडमधले पाने, ड्रिल, लेथसुद्धा लाल होतात. उद्यमनगरात कुणाच्या शेडमध्ये असला प्रयोग करायला गेलात तर मालक आधी तुम्हाला बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल.

रस्ट कन्व्हर्टर खरंच काम करतो का?

करतो, पण फक्त तिथं जिथं खरवडून, घासून सगळा सुटा गंज काढलाय आणि पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत काळपट थर तेवढा उरलाय. त्यातलं टॅनिक अ‍ॅसिड गंजाचं काळ्या टिकाऊ संयुगात रूपांतर करतं. फॉस्फरिक असेल तर फॉस्फेटचा राखाडी थर येतो. पोपड्यांवर ओतला तर वरचा पोपडा काळा होतो आणि खाली गंज मजेत चालू राहतो. फॉस्फरिकवाला वापरलात तर त्याची वाळलेली पांढरी भुकटी धुवून काढल्याशिवाय एपॉक्सी प्रायमर मारू नका, चिकटणार नाही.

किती पत्रा कापायचा?

टोच्या टण्ण वाजेपर्यंत, आणि त्याच्या पुढं आणखी दोन बोटं. गंजलेल्या कडेला वेल्ड धरतच नाही, भोक मोठं होत जातं आणि वेल्डर तुमच्यावर चिडतो.

फियाट आणि अँबॅसिडरला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळं सिल कापण्याआधी गाडी सपाट जागेवर चाकांच्या आधाराने उभी करा आणि दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल वेल्ड करून घ्या. एका वेळी एकच बाजू. हे न करता दोन्ही सिल कापलेली एक गाडी मी पाहिली आहे. मधून इतकी वाकली होती की दार उघडलं की मिटत नव्हतं, मिटवलं की उघडत नव्हतं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. बाहेरच्या भागांना २० गेज, फ्लोअर आणि सिलला १८. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, घेऊ नका. जस्त जळून निघणाऱ्या धुरानं रात्री ताप भरतो, आणि वेल्डही छिद्राळ होतो. जुना भाग फेकू नका, नव्याला आकार देताना तोच फर्मा.

गॅस वेल्डिंग की सीओटू?

जुन्या डेंटरांचा हात गॅसवर बसलेला असतो. गॅसचा सांधा मऊ राहतो, हातोडी आणि डॉलीनं (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) बसवता येतो. पण उष्णता लांबवर पसरते आणि पत्रा लाटा मारतो. आता बहुतेक जण सीओटूच करतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडत तारेनं केलेलं विजेचं वेल्डिंग. त्यात पातळ तार, म्हणजे ०.६ किंवा ०.८ मिलिमीटर. सलग ओढायचं नाही. एक टाका इकडं, दुसरा वीतभर लांब, तिसरा मध्ये, प्रत्येक टाका हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाईत सलग वेल्ड ओढलेलं मडगार्ड पुन्हा कापलेलं मी पाहिलंय, आणि ते माझंच होतं.

पेट्रोलची टाकी आधी उतरवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. बॅटरीही काढा. आणि काचा झाकायला विसरू नका, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात. जुन्या फियाटची पुढची काच शोधायला निघालात की हे वाक्य आठवेल.

पुट्टी वाईट असते का?

नाही. पोत्यावर थापलेली वाईट असते. पत्रा हातोडीनं जितका सरळ करता येईल तितका केल्यावर उरलेले दोन-तीन मिलिमीटर पुट्टीनं भरायला हरकत नाही. ती पाणी शोषते, म्हणून भोकावर कधीच नाही, आणि तशीच उघडी ठेवून गाडी बाहेर काढायची नाही. हार्डनर मापात घाला. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर पुढं रंगातून डाग वर येतो, विशेषतः पांढऱ्या आणि क्रीम रंगात.

प्रायमरचा नेमका क्रम काय?

उघडा पत्रा ८० ते १८० नंबरच्या कागदानं कोरडा घासा. डिग्रीझर दोन कापडांनी लावा, एकानं ओला, दुसऱ्यानं लगेच कोरडा. यानंतर उघड्या हातानं पत्र्याला हात लावायचा नाही. घामातल्या मिठानं दुसऱ्या दिवशी पाची बोटांचे लाल ठसे उमटतात. माझ्या बॉनेटवर भाचीच्या तळहाताचा अख्खा छाप होता, गोड दिसत होता, पण पुन्हा घासावा लागला.

त्यावर त्याच दिवशी दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर. पुट्टी करायची असेल तर एपॉक्सीच्या वर. मग सरफेसर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा, आणि लांब ठोकळ्यावर कागद लावून घासायचं. जिथं काळं राहतं तिथं खड्डा आहे. डोळ्याला फसवता येतं, काळ्या फवाऱ्याला नाही. शेवटी ६०० किंवा ८०० नंबरनं पाण्यात.

साधा हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साईड गेटला उत्तम. त्याच्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला की वरच्या थिनरनं तो उचलला जातो आणि सुरकुत्या येतात.

हे काम पावसाळ्यात करू शकतो का?

उघडा पत्रा आणि कोल्हापूरचा जुलै यांचं जमत नाही. संध्याकाळी चांदीसारखा घासून ठेवलेला पत्रा सकाळी केशरी. प्रायमर मारताना हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, हे गणित आपल्याकडं पावसाळ्यात बरेच दिवस बसत नाही. कॉम्प्रेसरच्या नळीतूनही पाणी येतं, पाणी अडवणारा सापळा रोज रिकामा करा.

माझं वेळापत्रक असं होतं: दिवाळीनंतर पत्रा उघडायचा, मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत एपॉक्सी मारून बंद करायचा. वळवाचा पहिला पाऊस आला की ग्राइंडर खुंटीला. पावसाळ्यात इंजिन, वायरिंग, सीट. पहिल्या वर्षी मी हे पाळलं नाही, जूनमध्ये छप्पर उघडलं. ते छप्पर मी एकूण तीनदा घासलंय.

मास्क लागतोच का? मिस्त्री तर रुमाल बांधतात.

लागतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगात शिसं असतं, म्हणून जुना रंग शक्यतो पाण्यात घासायचा, मुलांना तिथं फिरकू द्यायचं नाही आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो. त्याला रुमाल काय, साधा कोळशाचा मास्कही पुरा पडत नाही, बाहेरची हवा आत देणारा मास्क लागतो. म्हणून शेवटचा रंग मी स्वतः मारला नाही, बूथ असलेल्या माणसाला दिला.

सगळा जुना रंग काढायलाच पाहिजे का?

नाही. रंग घट्ट असेल, खाली कंपनीचा पत्रा शाबूत असेल तर राहू द्या. आपल्याकडं सगळ्यांच्या डोळ्यासमोर दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार असते, म्हणून प्रत्येकाला आरसा हवा असतो. मी डिकीच्या आतला मूळ रंग तसाच ठेवलाय. जाणकार माणूस आला की आधी डिकीच उघडायला सांगतो.

गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. पत्रा बदलला तर अडचण येते का?

केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. गंजलेल्या फ्लोअरच्या जागी तसाच नवा बसवणं वेगळं आणि छप्पर कापून गाडी उघडी करणं वेगळं. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा, कापण्याआधीचे विशेषतः. रंग बदलणार असाल तर आरसी बुकातही बदलून घ्या. आणि लक्षात असू द्या, व्हीए नंबरची गाडी रोज मंडईला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर.

एकूण खर्च किती येतो?

डेंटर जो आकडा सांगेल तो ऐकून घ्या, आणि पत्रा उघडल्यावर पुन्हा विचारा. मजुरी कामावर ठरवू नका, दिवसावर ठरवा. कामावर ठरवली की पुट्टी वाढते.

रंग झाला. आता पुन्हा गंज येऊ नये म्हणून काय करायचं?

रंगानंतर महिनाभर थांबा, मग सिल, दारांची पोटं, बॉक्ससारखे पोकळ भाग यांत पातळ मेण लांब नळीनं फवारा. प्रत्येक दाराच्या तळाची भोकं सळईनं मोकळी करा, मेणानं बुजली असतील तर पुन्हा. काहीजण जुनं जळकं इंजिन ऑइल मारतात. माझे वडीलही मारायचे, आणि खरं सांगायचं तर गाडीचा जेवढा तळ वाचला होता तो त्याच तेलामुळं. पण रबरी बुश त्यानं फुगतात आणि डांबरी रस्त्याची धूळ त्यावर लापशीसारखी बसते. तळाला डांबरी अंडरकोट मारायचा असेल तर आधी एपॉक्सी, नाहीतर खाली गंज झाकून ठेवल्यासारखं होतं.

पावसात सापडलीच तर घरी आल्यावर चारही दारं आणि डिकी उघडी टाकून पंखा लावा. आणि रबर मॅट उचला. आमच्याकडं ते काम आता भाची करते.